तंटामुक्त गाव आणि नोंदीबाहेरचा शेजारी

गावात तंटा कशावरून उत्पन्न होतो हे आपल्या वाचकांस शिकवावयास नको. बांध वीतभर सरकला, पाटाचे पाणी पाळी सोडून घेतले, वहिवाटीच्या वाटेवर काटेरी कुंपण पडले, किंवा सामाईक विहिरीवरची मोटार एकाने दुसऱ्याच्या आधी चालू केली, म्हणजे दोन घरांचे बोलणे बंद होते. पुढे लग्नकार्याचे आमंत्रण जात नाही. मग पोलीस चौकी, मग वकील, मग तारीख. ज्या बांधापायी वाद सुरू झाला त्याच्या किमतीच्या कितीतरी पट पैसा एस. टी. च्या भाड्यात व वकिलाच्या फीत खर्च होतो, आणि मूळ वादी निवर्तल्यावर त्याची मुले जमिनीबरोबर तो दावाही वारशाने घेतात. असे तंटे गावानेच मिटवावे अशी एक मोठी खटपट आपल्या राज्यात झाली. तिचे गुण कोणते व तिच्यातून कोण सुटून राहिले, ह्याचा विचार ह्या पाठात करावयाचा आहे. आणि तो करताना पिंपरी-चिंचवड व चाकण ह्या कारखान्यांच्या पट्ट्याकडे विशेष लक्ष द्यावयाचे आहे, कारण तेथे गाव म्हणजे कोण हा प्रश्नच नव्याने उभा राहिला आहे.

महाराष्ट्र शासनाने १५ ऑगस्ट २००७ रोजी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील हे तिचे प्रवर्तक होत. सांगली जिल्ह्यातील अंजनी गावचे हे गृहस्थ पूर्वी ग्रामविकासमंत्री असताना, २००० साली, संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले होते. त्या वेळी गावागावांत झाडू व खराटा ह्यांची चढाओढ लागली होती. तीच युक्ती त्यांनी भांडणांना लावली. ग्रामसभेने एक समिती निवडावी. तीत सरपंच, पोलीस पाटील, तलाठी, ग्रामसेवक ह्यांच्याबरोबर गावातील प्रतिष्ठित स्त्रीपुरुष असावेत. समितीने गावातील दिवाणी, महसुली व आपसात मिटविता येण्याजोगे फौजदारी तंटे नोंदवहीत लिहून काढावेत. दोन्ही पक्षांस समोरासमोर बसवून समेट करावा. आणि नवे तंटे उद्भवू नयेत म्हणून सणावारी, निवडणुकीत, मिरवणुकीत आधीच काळजी घ्यावी, अशी ही योजना होती. कामाचे गुण दिले जात, आणि पात्र ठरलेल्या गावास लोकसंख्येच्या मानाने लाखांच्या घरात बक्षीस मिळे.

चढाओढ ही वस्तू तुच्छ मानू नये. खेड व मावळ तालुक्यांत बैलगाड्याच्या घाटावर एक गाव दुसऱ्या गावाकडे कोणत्या डोळ्यांनी पाहते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांस ईर्ष्येचे बळ सांगावयास नको. तेच बळ जर शेजाऱ्याचा बांध सरळ करण्याकडे वळले तर त्यात वाईट काय? पंधरा वर्षे न बोललेले चुलतभाऊ, आपल्या गावाचे गुण बुडतील एवढ्या भीतीने का होईना, चावडीवर एका सतरंजीवर बसले असतील तर ते बसणे खोटे नव्हे. माणसाचे मन पुष्कळदा पायांच्या मागून येते.

ह्या पद्धतीतील एक बारकावा मात्र पुष्कळ ठिकाणी दुर्लक्षिला जातो, म्हणून तो येथे स्पष्ट करू. चावडीवर हात मिळविला म्हणजे समेट झाला खरा, परंतु त्यास कायद्याचे बळ आले असे नाही. न्यायालयात दावा चालू असेल तर झालेली तडजोड लोकअदालतीपुढे नोंदवून घ्यावी. १९८७ च्या विधि सेवा प्राधिकरण अधिनियमाप्रमाणे लोकअदालतीच्या निवाड्यास दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकेच बळ असते व त्यावर अपील चालत नाही. तसे न केल्यास दोन पावसाळ्यांनी एक पक्ष फिरतो आणि दुसरा हात चोळीत बसतो. बांधाचा वाद असेल तर आधी भूमि अभिलेख कार्यालयाकडून सरकारी मोजणी करून घ्यावी व मग बोलावे. मोजणीवाचून केलेली गोड तडजोड बहुधा मोठ्या आवाजाच्या बाजूस झुकते.

आता अवघड भागाकडे येऊ. ज्या गावास तंट्याची संख्या कमी करून बक्षीस मिळवावयाचे आहे, त्यास दोन मार्ग असतात. एक, तंटा न्यायाने मिटविणे. दुसरा, दुबळ्याने तक्रारच करू नये अशी व्यवस्था ठेवणे. नोंदवहीत दोन्ही मार्ग सारखेच दिसतात. दोहोंच्याही शेवटी शून्य लिहिले जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते तंटामुक्तीच्या कल्पनेतील सर्व धोका ह्या शून्यात आहे.

बहिणीच्या वाट्याचे उदाहरण घ्या, कारण चाकणच्या पट्ट्यात ते घरोघरचे आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ साली झाली, व पुढे पिंपरी, भोसरी, चाकण ह्या भागांतील शेते कारखान्यांकडे गेली. ज्या खडकाळ माळावर बाजरीही धड येत नसे त्याचा भाव डोळे दिपविणारा झाला. मग भाऊबंदांच्या बैठकी बसू लागल्या, आणि सासरी दिलेल्या लेकींना हक्कसोडपत्रावर सही करण्यास बोलावणे जाऊ लागले. हिंदू एकत्र कुटुंबात मुलीस जन्मतः वाटा असावा असा कायदा महाराष्ट्राने १९९४ साली व केंद्राने २००५ साली केला. बाप २००५ पूर्वी वारला असला तरी मुलीचा हक्क जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितले. ख्रिस्ती कुटुंबांस १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू असून त्यात मुलगा व मुलगी ह्यांचा भाग समान आहे. ही गोष्ट आपल्यापैकी कित्येकांस ठाऊक नसते, व ज्यांस ठाऊक असते ते ती बोलून दाखवीत नाहीत. अशा स्थितीत एखादी बहीण वाटा मागते आणि चार वडीलधारी माणसे तिला समजावितात की, बाई, माहेर तुटेल. ती सही करते. तंटा मिटतो. ह्यास समेट म्हणावे काय? जिने सोडले तिने आपखुशीने सोडले असेल तर तिचे औदार्य मोठे आहे. पण तिला आपला हक्क किती होता हे सांगितल्यावरच ती खुशी खरी ठरते. समितीने एवढे तरी करावे की, सहीपूर्वी तिला एकटीला, भावांच्या पाठीमागे, तिचा हिस्सा आकड्यांत समजावून सांगावा.

ह्याहून गंभीर प्रकार म्हणजे जे मिटविण्याचा समितीस अधिकारच नाही ते मिटविणे. आपसात मिटविता येतील असे गुन्हे कोणते, हे कायद्यात नावानिशी दिले आहे. १ जुलै २०२४ पासून ती यादी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहे. बलात्कार, मुलांवरील लैंगिक अत्याचार, अनुसूचित जातिजमातींवरील अत्याचाराच्या कायद्याखालील गुन्हे ही त्या यादीत नाहीत. अशी गोष्ट चावडीवर पैसे देऊन-घेऊन दाबली, तर गाव तंटामुक्त झाले असे नव्हे. गुन्हेगार मोकळा राहिला आणि पीडितेस त्याच पाणवठ्यावर रोज जावे लागले, एवढेच झाले.

भांडण नसूनही निष्ठुरपणा असू शकतो, ह्याचे उदाहरण पिंपरीतच घडले आहे. तेथील भाटनगरात कंजारभाट समाजाची वस्ती आहे. नववधूच्या कौमार्याची परीक्षा घेण्याची जी चाल त्या समाजात होती तिच्याविरुद्ध त्याच समाजातील काही तरुण-तरुणींनी २०१७-१८ च्या सुमारास आवाज उठविला. २०१८ च्या जानेवारीत एका लग्नप्रसंगी त्यांच्यापैकी काहींस मारहाण झाली. पुढे ती परीक्षा नाकारून विवाह केलेली एक तरुणी त्याच वर्षीच्या नवरात्रात वस्तीतील दांडियास गेली, तेव्हा वाद्ये बंद करण्यात आली व ती निघून गेल्यावर पुन्हा सुरू करण्यात आली, अशी तक्रार पोलिसांत नोंदली गेली. वाचकांनी ह्या गोष्टीवर क्षणभर थांबावे. येथे कोणी शिवी दिली नाही, दगड मारला नाही. फक्त ध्वनिवर्धक बंद झाला. कोणत्याही तंट्याच्या नोंदवहीत ह्यास जागा सापडणे कठीण, आणि तरी एका माणसास आपल्याच गल्लीत परके करण्याचा ह्याहून पुरता उपाय नाही.

सुदैवाने कायद्याने ह्यास जागा केली आहे. सामाजिक बहिष्कारापासून संरक्षण देणारा अधिनियम महाराष्ट्र विधिमंडळाने २०१६ साली संमत केला व तो २०१७ च्या जुलैत अमलात आला. कोणास सणसमारंभात, पूजास्थानात, पाणवठ्यावर वा स्मशानात मज्जाव करणे, त्याच्याशी व्यवहार तोडावयास लावणे, हे त्याने गुन्हे ठरविले असून तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. भाटनगरातील तक्रार ह्याच कायद्याखाली नोंदली गेली. ज्यांच्या आजोबापणजोबांनी वाळीत पडण्याचे दुःख सोसले आहे अशी पुष्कळ कुटुंबे हा पाठ वाचीत असतील. त्यांस हा कायदा तोंडपाठ असावा हे बरे, कारण वाळीत टाकलेली माणसे पुढे दुसऱ्या कोणास वाळीत टाकावयास चुकत नाहीत.

येथे एका जुन्या आव्हानाची आठवण करावीशी वाटते. पुण्याचे डॉ. बाबा आढाव (१९३०-२०२५), ज्यांनी हमाल पंचायत उभारली, त्यांनी १९७२ च्या सुमारास एक गाव, एक पाणवठा ही चळवळ सुरू केली. महात्मा जोतीराव फुले ह्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस खुला केला होता, आणि २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी महाडास चवदार तळ्याचे पाणी घेतले होते. तरी स्वातंत्र्यानंतर पंचवीस वर्षांनीही कित्येक गावांत विहिरी निरनिराळ्याच होत्या. आढाव व त्यांचे सोबती गावोगाव फिरत, आणि कोण कोठले पाणी भरतो ह्याची चौकशी करीत. ह्यात बक्षीस नव्हते. परंतु त्या चौकशीत एक मोठा गुण होता, तो हा की, ती भांडणे मोजीत नव्हती. बाहेर कोण राहिला आहे हे ती मोजीत होती. जेथे दलित वस्तीने सार्वजनिक विहिरीवर जाण्याचा विचारही सोडून दिला असेल तेथे तंटा मुळीच नसणार. तंट्याची वही कोरी, आणि पाणवठे मात्र दोन!

चाकणच्या पट्ट्यास हीच कसोटी लावून पाहू. नाणेकरवाडी, खराबवाडी, मेदनकरवाडी, कुरुळी, निघोजे, महाळुंगे ही एके काळची लहान गावे. आता त्यांच्या माळांवर व मळ्यांतून खोल्यांच्या रांगा उभ्या आहेत, व त्यांत मराठवाडा, विदर्भ, बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा इकडून आलेले कामगार राहतात. पिंपरीस परक्यांचे येणे नवे नाही: फाळणीनंतर सिंधी निर्वासित येथील कँपात आले आणि आज पिंपरीची बाजारपेठ त्यांच्यावाचून मनात आणता येत नाही. १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला तेव्हापासून देशाच्या नाना भागांतून माणसे आली, आणि १९८२ साली तेथे महानगरपालिका झाली. परंतु चाकणकडील अवस्था वेगळी आहे. ग्रामसभा म्हणजे त्या गावच्या मतदारयादीत ज्यांची नावे आहेत त्यांची सभा. ज्याचे मत गयेस वा गोंदियास आहे तो दहा वर्षे खोलीचे भाडे भरीत असला तरी ग्रामसभेत त्यास तोंड नाही. मग तंटामुक्त समिती निवडण्यात व तीत बसण्यात त्याचा हात कसा असणार? त्याची अनामत बुडाली, त्याच्या पोरास नळावर ढकलून दिले, त्याच्या बायकोस कोणी वाटेत अडविले, तर तो बहुधा खोली बदलतो. गावच्या नोंदीत काही उमटत नाही.

असा न बोलणारा समूह व ज्यांच्याशी बोलावे असे कोणी न उरलेले गाव, ही एकत्र किती स्फोटक होऊ शकतात ह्याचा विचार करण्यास कारणही घडले आहे. ३० जुलै २०१८ रोजी आरक्षणाच्या मागणीकरिता पुकारलेल्या बंदाच्या दिवशी चाकणात दगडफेक झाली, अनेक बसगाड्या पेटविल्या गेल्या, पोलीस जखमी झाले, व जमावबंदी लागू करावी लागली. दुसऱ्या पंधरवड्यात, १५ ऑगस्ट रोजी, पिंपरी-चिंचवडचे स्वतंत्र पोलीस आयुक्तालय सुरू झाले व चाकण त्यात आले. त्या दिवशीचा वाद स्थानिक व परगावचे ह्यांमधील नव्हता, हे नीट लक्षात ठेवावे. तथापि हजारो माणसे जेथे शेजारी राहूनही एकमेकांस नावाने ओळखत नाहीत तेथे गर्दीस आवरणारे ओळखीचे तोंड सापडत नाही, हे त्या दिवसाने दाखविले.

तोंडे ओळखीची कशी करावीत, ह्याचा धडा आपल्याच राज्यातील दुसऱ्या एका कामगारांच्या गावाने घालून दिला आहे. ठाणे जिल्ह्यातील भिवंडी हे मागांचे शहर. तेथे १९७० व १९८४ साली भीषण हिंदु-मुसलमान दंगे झाले. १९८४ नंतर काही वर्षांनी सुरेश खोपडे हे तेथे पोलीस उपायुक्त होऊन आले, व त्यांनी मोहल्ला समित्या स्थापन केल्या. शांतता समित्या पूर्वीही असत, पण त्यांत पुढारी बसत व दंगा झाल्यावर त्यांची सभा भरे. खोपडे ह्यांनी दोन्ही समाजांतील साधी माणसे घेतली, त्यांच्याबरोबर त्या भागातील पोलीस शिपाई बसविला, आणि काही घडलेले नसतानाही बैठका चालू ठेविल्या. बैठकीत बोलणे कशाचे? गटार तुंबले, नळाला पाणी नाही, पोरांचे भांडण झाले, अशा किरकोळ गोष्टींचे. १९९२-९३ साली मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. किरकोळ गोष्टींवर शंभर वेळा एकत्र बसलेली माणसे त्या एका रात्री एकमेकांच्या दारी जाऊ शकली. ह्यात मोठेसे गूढ नाही. गटाराने तेथे जे काम केले ते भाषणांनी झाले नसते.

तेव्हा चाकण-पिंपरीकडील आपल्या वाचकांनी, व विशेषतः जे समितीत किंवा ग्रामपंचायतीत बसतात त्यांनी, पुढील ग्रामसभेत काही गोष्टी मांडाव्यात. खोल्यांच्या प्रत्येक रांगेतून एक भाडेकरू पुरुष व एक स्त्री समितीच्या बैठकीस बोलवावीत. कायद्याने त्यांस ग्रामसभेत मत नसेल, पण बैठकीस सतरंजीवर बसावयास कोणता कायदा आड येतो? घरमालकांनी भाडेकरूची माहिती पोलिसांस द्यावी लागते, ती देताना त्यास भाड्याची व अनामतीची पावतीही द्यावी. रात्रपाळीची कंपनीची बस जेथे सोडते तेथून खोल्यांपर्यंत एकदा गावातील चार प्रौढ स्त्रीपुरुषांनी त्याच वेळी पायी चालून यावे, आणि कोणता दिवा बंद आहे, कोणत्या वळणावर टोळके बसते, हे लिहून आणावे. दिवसा त्या वाटेने जाऊन ह्याचा पत्ता लागत नाही. अडचणीच्या वेळी ११२ हा क्रमांक आहे, हे हिंदीतही भिंतीवर लिहावे. आणि हेही सांगावे की, स्त्रिया, अनुसूचित जातिजमातींचे लोक व कारखान्यातील कामगार ह्यांस मिळकत कितीही असली तरी विधि सेवा समितीकडून विनामूल्य वकील मिळतो. ही समिती तालुक्याच्या न्यायालयातच असते.

ठरावाच्या सामर्थ्याविषयी ज्यांस शंका असेल त्यांनी कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडकडे पाहावे. शिरोळ तालुक्यातील ह्या गावाने २०२२ च्या मे महिन्यात ग्रामसभेत ठराव केला की, पती वारल्यावर बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र काढणे ह्या चाली बंद कराव्यात. त्याच महिन्यात शासनाने इतर ग्रामपंचायतींनी तसे करावे असे परिपत्रक काढले. ठराव झाला म्हणजे प्रत्येक घरात तो पाळला गेला असे कोणी समजू नये. परंतु विधवा बाईने हळदीकुंकवास यावे असे म्हणण्यास पूर्वी एकेका घरास जो धीर करावा लागे तो गावाने आपल्या अंगावर घेतला. पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेनेही त्याच वर्षी तृतीयपंथी व्यक्तींस सुरक्षारक्षक म्हणून कामावर घेतले. ज्यांस पाहून लोक दार लावीत त्यांसच दारावर राखणीस उभे करणे, ही कल्पना ज्या कोणास सुचली असेल त्याचे कौतुक वाटते.

तंटामुक्तीच्या बक्षिसांचा पहिला भर ओसरला असून आर. आर. पाटीलही २०१५ साली निवर्तले. ज्या गावी समिती नावापुरती उरली असेल तेथे तिची जुनी नोंदवही कोणाच्या तरी कपाटात असेलच. अभ्यासवर्गाने ती मागून घ्यावी, आणि तीत किती तंटे मिटले हे पाहण्यापूर्वी तीत कोणाकोणाची नावे मुळीच आलेली नाहीत ते पाहावे: दलित वस्तीतील एखादे तरी घर आहे काय, वाटा मागणारी बहीण आहे काय, विधवा आहे काय, भाड्याच्या खोलीतला कोणी आहे काय. जी नावे नाहीत त्यांची वेगळ्या कागदावर यादी करून पुढच्या आठवड्यात दोघादोघांनी त्या घरी जाऊन यावे.